एक्केचाळिसावी ओळ

संस्थेत पीएच.डी. करणारे एकशे बारा जण, आणि त्या एकशे बारांची निवडून आलेली प्रतिनिधी म्हणजे गौतमी ओव्हाळ. निवडून आलेली म्हणायचं ते आपलं रीतीप्रमाणे. उभी राहिलेली ती एकटीच होती. बाकीच्या एकशे अकरांनी तिचं अभिनंदन इतक्या उत्साहानं केलं, की आपण नक्की काय पत्करलं याची शंका तिला त्याच संध्याकाळी यायला हवी होती. आली नाही. पौडच्या तहसील कचेरीत तीस वर्षं फायली वाहणाऱ्या ज्ञानदेव ओव्हाळांची ती मुलगी. आपल्या वाट्याला आलेला कागद आपणच पुढे सरकवायचा, हे घरातलंच वळण.

तिनं पहिलंच काम हाती घेतलं ते मानसिक आरोग्याचं. संस्थेकडे त्यासाठी काहीच नव्हतं असं नाही. दर बुधवारी दोन ते चार पुण्याहून समुपदेशक मॅडम यायच्या. म्हणजे दोनला यायच्या असं ठरलेलं होतं. हिंजवडीच्या चौकाशी त्यांचं काही ठरलेलं नव्हतं, त्यामुळे पोचायला सव्वातीन व्हायचे. त्यांना दिलेली खोली फेलोशिपच्या खिडकीला लागून होती. आत कोण गेलं, किती वेळ बसलं, बाहेर येताना डोळे कसे होते, याची नोंद खिडकीपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे अगदी बिनचूक असायची. वर्षभरात मॅडमकडे गेले ते चार जण. त्यातले दोघे खोली चुकून शिरलेले.

मग गौतमीनं समिती काढली. वैष्णवी तिचा उजवा हात झाली. वैष्णवी कोथरूडची, संख्याशास्त्राची, आणि कुठल्याही दुःखावर आधी नमुना किती हे विचारणारी. समितीनं एक सप्ताह साजरा केला. पिवळी पत्रकं लागली. हातात धरून दाबायचे रबरी चेंडू वाटले. त्यातले निम्मे त्याच आठवड्यात क्रिकेटला लागले. शेवटी दोघींनी तीस प्रश्नांचा फॉर्म पाठवला. ‘रात्री झोप लागत नाही’, ‘काम सुरू करणं जड जातं’, ‘आपण इथे नसतो तर बरं असं वाटतं’. प्रत्येकाला एक ते पाच गुण. एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: तुमचं नाव आम्हाला कळणार नाही, आणि आम्ही ते शोधणार नाही.

उत्तरं आली चौसष्ट. वैष्णवीनं ती नियमाप्रमाणे चाळली आणि म्हणाली, “ही एक्केचाळिसावी ओळ काढ. तिसाच्या तिसाला पाच. कुणीतरी फाजीलपणा केलाय.”

“काढते,” गौतमी म्हणाली, आणि काढली. सगळीकडे एकच आकडा दिसला की माहिती खोटी, हे संशोधनाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. तिच्या स्वतःच्या प्रबंधातही तिनं अशा ओळी उडवल्या होत्या.

त्रेसष्ट जणांची सरासरी आली दोन पूर्णांक एक. कुलसचिवांनी अहवाल वाचून ‘परिस्थिती समाधानकारक’ हे शब्द दोनदा उच्चारले. टाळ्या झाल्या. समोसे झाले.

फॉर्म भरून आल्याला एकवीस दिवस झाले तेव्हा, एका गुरुवारी भर दुपारी, गौतमी अहवालाची पुरवणी तयार करत होती. वगळलेल्या नोंदींचीही एक ओळ द्यावी लागते म्हणून तिनं ती एक्केचाळिसावी पुन्हा उघडली. फॉर्मच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचंय?’ असा एक चौकोन होता. तिथपर्यंत कुणी जाईल असं फॉर्म बनवणाऱ्या दोघींनाही वाटलं नव्हतं. या ओळीत तो भरलेला होता.

‘सगळ्याचं उत्तर एकच आहे म्हणून एकच आकडा दिला. एकोणीस दिवस झाले, कामावर जाणं झालेलं नाही. कुणी विचारलं नाही. हेही बहुधा कुणी वाचणार नाही.’

गौतमीनं ते तीनदा वाचलं. मग बोटांवर मोजलं. एकोणीस आणि एकवीस, चाळीस.

वैष्णवी आली, वाचलं, खाली बसली. मग म्हणाली, “कॉम्प्युटर विभागाला विचारलं तर लॉगिनवरून कळेल. दहा मिनिटांचं काम आहे.”

“आपण लिहून दिलंय, शोधणार नाही म्हणून.”

“अगं पण...”

“एकदा त्याला वाचलं नाही. आता दिलेला शब्दही मोडायचा?”

तिनं मॅडमना फोन लावला. वार गुरुवार, काम दुसरीकडचं, तरी त्या त्याच चौकात होत्या, मागून हॉर्न ऐकू येत होते. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “यात जिवाचं काही थेट लिहिलेलं नाही. म्हणून आज नाव काढायला लावत नाही. पण तो तिसांपैकी एक प्रश्न आहे ना, इथे नसतो तर बरं, त्यालाही पाच आहेत. तेव्हा थांबू नका. माझा नंबर सगळ्यांना पाठवा. सगळ्यांपर्यंत पोचा. रविवारपर्यंत काही कळलं नाही, तर सोमवारी मी स्वतः नाव काढायला सांगेन. आणि माणूस सापडला तर सरळ विचारायचं, जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्यानं काही वाढत नाही. हो म्हणाला, तर मग गुपित राखायचं नाही, मला सांगायचं.”

म्हणजे हातात होते तीन दिवस.

गौतमीनं एकशे बारा नावांची यादी छापली आणि गेल्या चाळीस दिवसांत ज्यांना आपण पाहिलंय त्यांच्यापुढे खूण करत गेली. मेसमध्ये भांडताना पाहिलेले, बसस्टॉपवर दिसलेले, ग्रंथालयात घोरणारे. एका नावापाशी ती जराही अडली नाही: शेखर वाडकर. तो तिच्याच चाळीत राहायचा, दोन दारं सोडून. त्याच्या चपला रोज दारात दिसायच्या. खूण. शेवटी झाले चौऱ्याहत्तर. उरले अडतीस. एकशे बारांच्या प्रतिनिधीनं अडतीस माणसं चाळीस दिवसांत पाहिलेली नव्हती, आणि आजपर्यंत तिला ते खटकलंही नव्हतं.

ती नेऱ्याला, चाळीत परतली तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. चाळ म्हणजे घरमालक हैबतरावांच्या घरामागच्या आठ खोल्या. शेताच्या दोन्ही बाजूंना बावीस-बावीस मजले उभे राहिले, तरी हैबतरावांनी मधलं वीस गुंठे इंद्रायणीचं भात सोडलं नव्हतं. वरच्या गॅलऱ्यांतून लोक त्याचे फोटो काढायचे. कापायला मात्र कोणी उतरत नव्हतं, आणि भात पिकून आडवं व्हायला आलं होतं.

“तोंड का पडलंय गं?” हैबतरावांच्या बायकोनं, रंभाबाईंनी विचारलं. त्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या.

गौतमीनं फॉर्मचं सांगितलं. नाव माहीत नाही, शोधायचंही नाही, आणि पोचायचं तर आहे.

हैबतराव म्हणाले, “म्हंजी तुमी कागद पाठवला आन् माणूस कागदावर आला. मग आता बोंब कशाची?”

“काका, लोकांना ‘कसा आहेस’ विचारलं तर ‘मजेत’ म्हणतात.”

“म्हननारच की. इचारायचंच कशाला?” ते बिडी शोधत खिसे चाचपू लागले. ती रंभाबाईंनी सकाळीच लपवली होती. “आमच्यात इर्जिक घालायचे. कुनाचं रान मागं पडलं की समदा गाव त्याच्या रानात. त्याला इचारायचं न्हाई, का मागं पडलं म्हनून. बायकू आजारी हाय, का बैल मेला, का निस्ता आळस हाय, काय बी असू दे. बांधावरनं दिसतंय ना मागं पडलंय, मग उतरायचं. त्यानं फकस्त जेवाया घालायचं.”

“आणि कुणाचं मागे पडलंय ते बांधावरून दिसत नसेल तर?”

“मग ज्यानं हाक द्यायची त्यानं आपल्या रानापासनं सुरू करायचं,” रंभाबाई म्हणाल्या. “तुजं समदं येळेवर चाललंय व्हय?”

हा प्रश्न तिच्या तीस प्रश्नांत नव्हता. तिचं तिसरं प्रकरण सात महिने अडलं होतं. हे तिच्या गाईडला माहीत नव्हतं, वैष्णवीला नव्हतं, पौडला आई फुलाबाईंना तर ‘संपतच आलंय’ असं दर रविवारी सांगितलं जात होतं. दुसऱ्यांच्या मनाची काळजी वाहण्यात एक सोय असते: आपलं दप्तर कुणी तपासत नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं संस्थेच्या ग्रुपवर सगळ्यांना लिहिलं:

‘माझं तिसरं प्रकरण सात महिने अडलंय. मुळशीतल्या विहिरींच्या पाणीपातळीचे चारशे कागद पडून आहेत. रविवारी सकाळी दहा वाजता नेऱ्याला हैबतराव काकांच्या ओट्यावर इर्जिक आहे. आकडे भरणारे, तपासणारे, नुसते बसणारे, सगळे लागतील. जेवण माझं. कसे आहात असं कुणी कुणाला विचारणार नाही. ज्यांना विचारलेलं हवंय, त्यांच्यासाठी मॅडमचा नंबर खाली आहे, कुठल्याही दिवशी.’

वैष्णवी धावत आली. “सात महिने? अगं गाईड सरही त्या ग्रुपवर आहेत.”

“माहितीये.”

सरांनी त्यावर उत्तर म्हणून फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं. हा अंगठा शाबासकीचा की भेटायला ये मग दाखवतो असा, यावर दोघींनी बराच विचार केला आणि नाद सोडला. शुक्रवार-शनिवार फिरून त्यांनी त्या अडतीस जणांना हातानं लिहिलेली चिठ्ठी द्यायचा प्रयत्न केला. सत्तावीस सापडले. सहा जण फोनवर भेटले, चांगले खडखडीत, आणि झोपमोड केल्याबद्दल चिडलेले. पाच जणांच्या घरच्यांनी ते घरी असल्याचं सांगितलं. चाळीस दिवस गायब असल्यासारखं कुणीच वाटेना.

रविवारी ओट्यावर आले नऊ. एकशे बारांतून नऊ; त्यातले चौघे समितीचे, दोघे जेवणाचे. चिठ्ठीवाल्या अडतिसांतले आले तिघे. गौतमीनं मनात वजाबाकी केली. उद्या सोमवार. उद्या नाव निघणार.

पण काम मात्र सुरू झालं. आळस असा की एकट्याला येतो. नऊ जण समोर कागद घेऊन बसले की त्याला जागाच उरत नाही. एक जण गावाचं नाव वाचायचा, दुसरी आकडा, तिसरा भरायचा. कुणीतरी कुणाच्या तरी अक्षराला नावं ठेवली. बारापर्यंत दीडशे कागद झाले. आपल्या प्रबंधावर दीडशे कागदांएवढं हसू गौतमीनं कधी ऐकलं नव्हतं.

रंभाबाई आतून आल्या. “किती जन गं? तांदूळ टाकायचेत.”

“हे नऊ आणि मी, दहा. आणि तुम्ही दोघं.”

“आन् शेजार?”

“शेजार कशाला, काकू?”

“इर्जिकीला आदी शेजारी बोलवायचा असतुया. गाव मागनं. तुज्या दोन दारांपल्याडच्याला सांगितलंस का न्हाई?”

“शेखरला? तो बरा आहे, काकू. असतो ना घरी. चपला असतात की दारात.”

“चपला अस्त्यात म्हनून तर म्हनते,” रंभाबाई म्हणाल्या. “दिवाळीच्या बी आदीपासनं तितंच हायेत, त्याच जागी. मी म्हनलं, कॉम्प्युटरवालं घरनंच काम करत्यात आताशा. त्या टावरातली न्हाई का, महिना महिना खाली उतरत न्हाईत.”

गौतमीच्या हातातला कागद तसाच राहिला. शेखरच्या प्रयोगशाळेत सगळे समजत होते की तो गावोगाव नमुने गोळा करत फिरतोय. चाळ समजत होती की तो घरून काम करतोय. आणि प्रतिनिधीनं त्याच्या चपलांपुढे खूण केली होती.

ती उठणार तोच रंभाबाईंनी तिला हातानं बसवलं. “तू ऱ्हा. तू गेलीस की त्यो मजेत हाय म्हनंल.” आणि स्वतः जाऊन दार वाजवलं. वाजवलं म्हणजे ठोठावलंच. “शेखर, ऊठ. अंगनात इर्जिक हाय आन् तू शेजारी. जेवाया चल. न्हाई बिई काय न्हाई, मी तांदूळ टाकलेत तुज्या नावाचे.”

दार उघडायला वेळ लागला. शेखर आला तो दाढी वाढलेला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेला. चपला घालताना त्यानं त्या उलट्या करून झटकल्या, धूळ पडली. मग वैष्णवीनं, कधी नव्हे ते काहीही न मोजता, जरा सरकून जागा केली आणि त्याच्या हातात कागदांचा गठ्ठा दिला. “हे तपास. माझे डोळे गेले.”

त्यानं विचारलंही नाही कशाचे. वाचत बसला. जेवणं झाली. आमटी-भातावर सगळे आडवे झाले, तरी तो वाचतच होता. चारच्या सुमाराला पहिल्यांदा बोलला.

“या सात विहिरी का काढल्यास?”

“कुठल्या?”

“या. उन्हाळ्याच्या चारही महिन्यांत पातळी तीच. तू लाल रेघ मारलीयेस.”

“सगळीकडे सारखाच आकडा. ग्रामपंचायतीतल्यानं बसल्या जागी लिहिला असणार. खोट्या वाटल्या,” गौतमी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा आवाज खाली गेला.

शेखर कागदावरून बोट फिरवत होता. “ही गावं बघ. सगळी टॉवरांच्या आसपासची. तिथं नळ आलेत. विहिरीतून कुणी पाणीच काढत नाही. कुणी बादली टाकलीच नाही, तर पातळी हलणार कशी? खरं असतं कधीकधी सगळं सारखं.”

“आमची बी तीच कथा,” हैबतराव मधे म्हणाले. “सात-आठ वर्सं झाली, जाळी टाकून ठेवलीय. डोकावलं बी न्हाई कुनी.”

ओट्यावरच्या लोकांना एवढंच कळलं की सात महिने अडलेलं प्रकरण कुठे अडलं होतं ते सापडलं, आणि ते खूश झाले. गौतमीला दोन गोष्टी कळल्या होत्या. दुसरी एक्केचाळिसाव्या ओळीची होती. सात लाल रेघांवर तिनं एकेक करून खोडरबर चालवलं.

भांडी घासायला तिनं मुद्दाम शेखरला हाताशी घेतलं. नळाखाली दोघंच होते. पाटीभर ताटं झाल्यावर तिनं विचारलं, सरळ, मॅडमनी सांगितलं होतं तसं. “शेखर, जीव द्यायचं मनात येतं का तुझ्या?”

त्यानं ताट विसळलं. पुन्हा विसळलं. “आलं होतं. दोनदा. काही केलं नाही.”

“आता?”

“आता भात जास्त झालाय.” मग ताट पाटीत ठेवत, “आता नाही. उद्याचं माहीत नाही.”

“हे मी मॅडमना सांगणार आहे. आत्ताच, तुझ्यासमोर. लपवणार नाही.”

“सांग,” तो म्हणाला. भांडण करायला लागणारी ताकद नव्हती म्हणून असेल, किंवा कुणीतरी सांगावं याचीच वाट बघत होता म्हणून असेल. मॅडम फोनवर त्याच्याशी पाऊण तास बोलल्या. तो हैबतरावांच्या बंद विहिरीच्या कठड्यावर बसून बोलला, आणि गौतमी हाकेच्या अंतरावर उगाचच वाळलेली ताटं पुसत राहिली. मॅडमच्या सांगण्यावरून साताऱ्याहून त्याचा भाऊ रात्रीच निघाला. सोमवारी नाव काढायला सांगायची गरज पडली नाही. त्या दिवशी मॅडम हिंजवडीचा चौक टाळून पिरंगुटकडून आल्या आणि चक्क वेळेवर पोचल्या. बसल्या मात्र फेलोशिपच्या खिडकीजवळ नाही, रंभाबाईंच्या ओट्यावर.

दोन दिवसांनी गौतमी कुलसचिवांकडे दुरुस्त अहवाल घेऊन गेली. त्रेसष्टऐवजी चौसष्ट. त्यांनी आकडे पाहिले. “दोन पूर्णांक एकचं दोन पूर्णांक पंधरा शतांश झालं. एवढ्यानं काय फरक पडतो?”

“पडतो, सर,” ती म्हणाली. “आणि मॅडमना दुसरी खोली हवी. ग्रंथालयामागची. तिथं रांग नसते.”

खोली मिळायला आणखी महिना लागला. ते संस्थेच्या रीतीला धरूनच झालं. सरांनी बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “सात महिने? मला सांगायचं होतंस.”

शेखर भावाबरोबर पंधरा दिवस घरी जाऊन आला. गोळ्या सुरू झाल्या. बरा झाला असं इतक्यात म्हणता येणार नाही. त्याच्या चपला जागा बदलू लागल्या होत्या, इतकं खरं. परत आल्यावर एका संध्याकाळी तो गौतमीच्या दारात उभा राहिला, चौकटीला टेकून.

“रविवारी कुणाची इर्जिक आहे?”

“अजून कुणी सांगितलं नाही. हैबतकाकांचं भात तर आम्ही मागच्या रविवारी कापलं. वैष्णवीनं अर्धी पेंढी कापली आणि हातावरचे फोड तीन दिवस दाखवत होती.”

तो हसला नाही, पण ओठ हलले. “माझी घालता येईल. पण माझ्याकडे काही नाहीच. पहिलं पानसुद्धा नाही. लोक येऊन करतील काय?”

ओट्यावरून रंभाबाईंनी ऐकलं. त्यांना सगळंच ऐकू यायचं. “पडीक रान आसंल तर मानसं जास्त लागत्यात, येवढंच.”

रविवारी शेखरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोघे खिडकीत बसले होते. फळ्यावर कुणीतरी ‘पान एक’ एवढंच लिहिलं होतं आणि त्याखाली काय यावं यावर भांडण जुंपलं होतं. त्यात सगळ्यात चढा आवाज वैष्णवीचा होता, आणि एकदा, अगदी एकदाच, शेखरचा.

रंभाबाई सूप घेऊन दारात आल्या. चपलांच्या ढिगाऱ्याकडे बघून त्यांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“किती जन गं आज?”

“चौदा, काकू,” गौतमी म्हणाली.

“त्याला धरून?”

गौतमीनं दारातून आत पाहिलं. चपलांवर भरवसा न ठेवता एकेक तोंड बघत पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“त्याला धरून पंधरा.”